हयातीचा दाखला

‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की,
हयातीचा दाखला विहित मुदतीत सादर न केल्यास
निवृत्तिवेतन स्थगित होईल.’
हे मीच लिहितो. सोळा वर्षं.
हात आपोआप चालतो,
विडी वळणाऱ्या बाईचा चालतो तसा.

नर्सुबाई गुंडेटी विडी घरकुलातून आली, दोन रिक्षा बदलून.
पदराची गाठ सोडली,
चार घड्यांचा कागद काउंटरवर ठेवला.
तंबाखूचा वास आला.
‘आनलंय बगा. हयातीचा.’

मृत्यूचा होता.
हयातबी रज्जाक शेख, वय बहात्तर,
खाली महापालिकेचा गोल शिक्का.

‘शेजारीन माजी. भिंतीला भिंत.
तुमचा पत्र आला, नातवानं वाचला,
हयातीचा दाखला पायजे म्हनून.
म्या म्हनलं, ती तर गेली की रमजानात,
आता तिचा कशाला?
पन तुमी सायेब लोक.
तिच्या लेकाच्या पाया पडून झेराक्स आनले.’

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.
मीही हसलो असतो.
पत्राखाली सही माझी होती.

‘हयात म्हणजे जिवंत, मावशी.
तुम्ही जिवंत आहात, असा कागद.’

ती तेलुगूत काही पुटपुटली.
चार शब्द कळले, पाचवा नाही.
आमच्या घरीही हीच भाषा होती;
मी मराठीत पहिला आलो
त्या वर्षापासून आई माझ्याशी जपून बोलू लागली.

‘मग तसं लिवायचं की,’ ती म्हणाली,
‘जित्ती हाय का, म्हनून.’

मी यंत्र पुढं सरकवलं. अंगठा ठेवा.
लाल दिवा.
पुसून ठेवा. लाल.
दुसऱ्या हाताचा. लाल.
पन्नास वर्षं पानं दुमडून
रेषा कधीच गुळगुळीत झालेल्या.
माल देताना हातात घेऊनच सांगायची म्हणे,
कट्ट्यात पंचवीस आहेत की चोवीस.

‘बसा थोडं. साहेबांना विचारतो.’
विहित, सादर, स्थगित –
साहेबांना काय विचारायचं
ते मनात जुळवत होतो,
आणि एकही शब्द धड येत नव्हता.

परत आलो तेव्हा
झेरॉक्स तिनं मांडीवर पसरलं होतं.
‘ह्यात तिचा नाव कुटं हाय?’

मी बोट ठेवलं.
माझं बोट हलेपर्यंत ती थांबली,
मग तिथं
आपला अंगठा ठेवून बसली.