तोरण ज

खंडेराव मार्केटच्या मागच्या दारापाशी
रमीलाबेन विचारते, शुं आपुं?
आणि मी दरवर्षीसारखी
आधी शब्दच चाचपते.

तोरण इथेही तोरणच, ही एक सोय.
पण पानं आंब्याची मागितली की ती हसते,
आसोपालवची जुडी पुढे सरकवते,
लांबट, कडांना चुण्या घातलेली.
बडोद्यात चार पिढ्या काढून
आमच्या दसऱ्याने तेवढं एक पान बदललं.

झेंडूला ती गलगोटा म्हणते.
गलगोटा! गालात गोळी धरून बोलल्यासारखं.
मुंडावळ्या मात्र तिला मला कधी सांगता आल्या नाहीत.
शालनच्या लग्नात मी कपाळावरून दोन बोटं
कानांपर्यंत ओढत नेली, मग खाली, गालांवरून.
तिने मान डोलावली
आणि वराच्या घोडीला पुरेल एवढा हार ओवून दिला.
बाबा म्हणाले, असू दे,
घोडी नाही आपल्यात, गाडीला घालू.

बाबा प्रतापनगरला, पार्सल ऑफिसात.
तोरण बांधायचे तेही पार्सलच्याच गाठीने,
स्टुलावर उभे, दातांत सुतळी, चष्मा नाकाच्या टोकाला.
ओढून बघ, म्हणायचे,
छोटाउदेपूरपर्यंत सुटायची नाही.

यंदा सण नाही. वर्ष व्हायचंय.
तरी पाय इकडेच वळले,
रमीलाबेनने सवयीने तराजू उचलला
आणि माझ्याकडे बघून तसाच खाली ठेवला.

गेल्या दसऱ्याचं अजून दारावर आहे.
पानं विड्यांसारखी वळलेली,
झेंडूच्या जागी काळपट गाठोडी,
वारा आला की कागद चाळल्याचा आवाज.
आई खाली पडलेलं रोज झाडते.
वरचं काढत नाही, काढूही देत नाही.

काय म्हणायचं त्याला?
निर्माल्य म्हणावं तर देवाला वाहिलेलं नव्हतंच ते,
चौकटीला बांधलेलं.
कचरा म्हणायला जीभ वळत नाही.

विचारलं रमीलाबेनला,
तुमच्यात सुकलेल्या तोरणाला काय म्हणतात?
ती गुलाबांवर पाणी शिंपडत होती.
बादलीत हात तसाच ठेवून विचार केला तिने.
तोरण ज, म्हणाली. बीजुं शुं?

घरी आले. स्टूल ओढलं,
चढून सुतळी जराशी ओढून पाहिली.

आतून आई, काय पडलं गं?

पान, म्हटलं.
एकच.