साचा

उद्यमबागेच्या मागच्या गल्लीत भाड्याची खोली,
ईरण्णा आणि मी तीन साचे उघडून बसलोय.
पहिल्यात सगळं आयतं: लॉगिन, पासवर्ड विसरलात का,
महिन्याची वर्गणी, वर्षाची भरलीत तर दोन महिने फुकट.
दुसरा हलका, हाडं तेवढी.
तिसरा ज्यानं लिहिला
तो गेल्या दिवाळीपासून गप्प आहे.

फाउंड्रीवाल्यांचा हिशेब करायचाय आम्हाला:
ओतलं किती, मोडीत किती, कुणाचं बिल थकलंय.
"दुसरा साकु," ईरण्णा म्हणतो.
आणि वाढलो तर?

पहिल्याच्या भाषांच्या यादीत फ्रेंच आहे, पोर्तुगीज आहे.
खालपर्यंत गेले, परत वर आले.
त्याची नाही, माझीही नाही.
ईरण्णा हसत सुटला:
पाट्यांवरून भांडणाऱ्या या गावात
असा समान न्याय पहिल्यांदाच.

रात्री अप्पा डबा घेऊन आले.
बत्तीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केलेत त्यांनी,
भुवयांत सागवानी भुसा अजून.
"काय बघूलालीस एवढं?"
सांगितलं. चष्मा पुसत ऐकलं.
"पॅटर्न जरा मोठाच धरायचा गा,
लोखंड निवताना आकसतंय.
पण जरा म्हंजे किती, ते पट्टीवर असतंय.
आमची पट्टीच वेगळी, दुकानातली चालत न्हाई."

आमच्याकडे पट्टी नव्हती.
दुसरा घेतला.
भाषेच्या दोन फाइली केल्या, कोऱ्या.
पहिलाच शब्द लॉगिनचा.
त्यानं लिहिलं प्रवेश,
मीही प्रवेश,
अक्षरं तेवढी ज्याची त्याची.

"जेवा आधी," अप्पा म्हणाले, "निवूलालंय."