चार, किंवा नऊ

मी नंबर जुळवतो. गाडीच्या सांगाड्यावरचा
आणि इंजिनावरचा. एवढंच काम,
पण लोक त्याचे बरे पैसे देतात.

आचऱ्याला पोचलो तेव्हा गाडी पाहून झाली होती:
रेडीच्या एका खाणमालकाची, दोनच माणसांची,
बासष्ट साली जांभ्याच्या गडग्यावर आपटलेली.
नाक चेपलेलं. चामडं उंदरांनी नेलेलं.
दार मात्र अजून टक् करून लागतं,
पितळी डबा लागावा तसं.
अशा एकोणीस बनल्या, अकरा उरल्या.
हिच्या बॉनेटखाली
कोंबडी खुडूक बसली होती.

इंजिनाचं सगळं मला पाठ:
एका रांगेत सहा सिलिंडर, साडेतीन लिटर,
माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, तीन कार्बोरेटर,
साडेपाच हजार फेऱ्यांना दोनशे दहा घोडे.
बुधाजी कोयंडे जाळं विणता विणता ऐकत होते.
"बांगड्यांका घोडे कित्याक व्हये?"

त्यांच्या बापानं ते तीनशे रुपयांत उचललं,
होडीत बसवलं. पेट्रोल ढोसतं म्हणून
दोन कार्बोरेटर काढले, उरलेल्याला रॉकेल पाजलं.
ताशी सव्वाशे मैलांसाठी घडवलेलं यंत्र
सात वर्षं आठ मैलांनी गेलं आणि आलं.

आवाज कसा होता, मी विचारलं.
माझ्या फॉर्मात हा प्रश्न नाही.
म्हाताऱ्याची सुई थांबली.
"आवस आमची वळखी.
आयकला काय भाताचा आधान ठेयी."

अमावास्येच्या सुकतीला चिखलात उतरलो.
ठोकळा तिथेच, साखळीनं होडी धरून,
अंगभर कालवं.
कोयतीनं खरवडलं, कळशीभर गोड्या पाण्यानं धुतलं,
बोट फिरवलं आंधळ्यासारखं.
सात. एक. मग गंजानं खाल्लेलं.
शेवटी चार, किंवा नऊ.

गाडीच्या पट्टीवर शेवटी चार आहे.

जुळलं तर किंमत तिप्पट, मी म्हणालो.
आकडाही सांगितला, शून्यं मोजून.
बुधाजींनी खाडीकडे पाहिलं.
"मगे होडी खंय बांधू?"
थट्टा नव्हती. पाणी चढायला लागलं होतं,
माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलंच होतं.

खरवडलेली कालवं त्यांच्या सुनेनं
टोपलीत भरून नेली, जेवूनच जा म्हणाली.

जेवलो. हात धुतले.
रकान्यावर पेन टेकवून बसलोय,
आणि नखात अजून चिखल आहे.