पाव, अर्धा, पूर्ण

एकतीस वर्षं मी टॉवेलच्या घड्या उलगडून दोष शोधले.
तुटलेला ताणा, चुकलेला बाणा,
काठाशी धोटा अडकून पडलेली गाठ.
खडूची फुली, की माल बाजूला.
आता हिप्परग्याच्या तलावावर
लोखंडी मचाणावर बसतो,
गळ्यात दुर्बीण, मांडीवर पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर तीन रकाने.

साडेसहाला पाणी तेलासारखं असतं.
नऊनंतर तुळजापूर रोडकडून वारा सुटतो,
मग चूक पायाची की पाण्याची
सांगता येत नाही.

बोट इलाही बागवानची.
ताशी पंचावन्नचा काटा आणि सरळ रेघ,
एवढंच त्याचं काम. ऐकायला सोपं.
"कुणी बाही धरून सहा वेळा हिसडावं
आणि आपण सुईत दोरा ओवत राहावं,
तसं आहे हे, मास्तर."
मी मास्तर नाही.
पण कानात कापूस घालून बसणाऱ्याशी
वाद कोण घालणार?

आणि दोराच्या टोकाला अंबुजा येमूल,
अशोक चौकातली,
बापाचे चार माग, त्यातले दोन बंद.
एकाच फळीवर दोन्ही पाय,
मागचा पुढच्याच्या टाचेला टेकलेला.
गेटाच्या आधी ती बाहेर सरकते, थांबते,
क्षणभर वाटतं विसरलीच,
मग वळते.
इथे पापणीएवढा उशीर झाला
तर तो पहिल्या बोयाला दुप्पट,
दुसऱ्याला चौपट.
पठाणी व्याज.

ओढ कमरेनं घ्यायची, हातानं नाही.
हँडल पोटाशी. लाटेची पाठ कापायची,
आणि कापली की लगेच सोडून द्यायचं,
हे सोडणंच जमत नाही कुणाला.
एक हात दोराला देऊन
उरलेलं सगळं अंग बोयापलीकडे ठेवायचं.
धोट्यासारखी जायची ती,
या काठावरून त्या काठाला,
सतरा सेकंदांत सहा फेरे,
मागे पांढरं विणकाम, लगेच उसवणारं.

प्रत्येक पूर्ण फेरीनंतर दोर आखूड होतो.
सोळा मीटर. सव्वाचौदा. तेरा. बारा.
मग सव्वाअकरा.
आणि बोया मधल्या रेघेपासून साडेअकरावर.
म्हणजे पाव मीटर कापड कमीच आहे,
दुकानदार म्हणेल, बाई, यात बसणार नाही.
ते पाव मीटर ती खांद्यातून काढते,
बरगड्यांतून, करंगळीतून.

त्या रविवारी तिसरा बोया.
वळसा घातला. पाव.
बोयांच्या रेघेआत परतली. अर्धा.
पुढे लाट ओलांडेपर्यंत दोर ताठ हवा.
फवारा उडाला, आणि फवाऱ्यामागे
दोराला पोट आलं,
जुन्या बाजेच्या सुंभासारखं,
मिटलंही.
ती लाटेपार गेली, मग पडली.

मी अर्धा लिहिला.
बोटीतल्या करजगी बाईंनी पूर्ण.
पलीकडच्या मचाणावरच्या पोरानं पूर्ण.
दोन विरुद्ध एक. ढाल अंबुजाची.
टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या,
पुठ्ठा काखेत धरून.

उतरलो तर शिडीपाशी उभी,
वेणी पिळत.
"तुम्ही अर्धा दिलात?"
"हो."
"दोर?"
"सैल."
"किती?"

बोटांनी दाखवलं. एवढा.
ती त्या बोटांमधल्या जागेकडे बघत राहिली,
मलाच हात खाली घेता येईना.
मागे कुणीतरी पेढे उघडत होतं.

"इलाहीचाचा," ती वळून ओरडली,
"बारावर लावा परत. वारा अजून नाही."
आठ पंचवीस झाले होते.
पुठ्ठा, पेन, दुर्बीण पिशवीत गेलेली.
शिडी पुन्हा चढताना गुडघा कुरकुरला.
कुणी सांगितलं नव्हतं.
बोट गेटाकडे निघाली,
आणि मी नुसत्या डोळ्यांनी
दोर बघायला बसलो.