स्कॅनरला न दिसणारा निळा

ऑक्टोबरात समितीचं पत्र आलं:
कॉमिक्स मेळ्याच्या पोस्टरवर उडणारी नायिका हवी,
गावाचं नाव वरती, तारखांना जागा सोडा,
आणि कृपा करून बर्फ नको,
दरवर्षी बर्फच असतो.

बरं.

दुधाच्या खोक्याच्या आतल्या बाजूवर
तिकिटाएवढ्या अकरा चौकटी आखल्या.
पहिलीत ती ढगांतून येते, दुसरीत ढगांत जाते,
पाचवीपर्यंत मलाच जांभया.
नववीत ती बंदरातली क्रेन उचलते,
तेव्हा कळलं, मी कुणाची तरी नक्कल करतेय,
आणि तीही वाईट.
अकरावीत ती उडतच नाही.
थांब्यावर उभी, बस सुटायच्या बेतात,
केपचं टोक बसच्या दारात अडकलेलं.

खालच्या मजल्यावरच्या पिर्योनं एकतीस वर्षं बस चालवली.
तिला माझ्या स्वयंपाकघरात उभी केली,
खांद्यावर चादर, चादरीचं टोक फ्रिजच्या दारात.
"हे आरशात दिसतं ड्रायव्हरला," ती म्हणाली,
"नाही दिसलं तर तो झोपलाय."
मग जरा वेळानं,
"उडणारी माणसं थांबतात कशी गं?"
मला माहीत नव्हतं.
डावा गुडघा दुखतो तिचा, सगळा भार उजव्यावर.
मी आधी तो भार काढला,
बाई नंतर.

निळ्या पेन्सिलीचं एक बरं असतं,
इतका फिका निळा स्कॅनरला दिसत नाही.
पन्नास रेघा ओढाव्यात, एकीनं खरं बोलावं.
मग त्या एकीवर शाई:
लांब रेघ श्वास धरून, आखूड रेघ सोडताना,
बोटं सगळ्यात शेवटी.
वीस वर्षं झाली, बोटांची भीती जात नाही.

केपची शेवटची चुणी भरताना, रात्री दीडला,
ब्रशवरून थेंब सुटला
आणि तिच्या गालाशेजारी बसला, वाटाण्याएवढा.
जी शिवी मी आईच्या धाकानं देत नाही, ती दिली.
पांढरा रंग लावला त्यावर.
एकटा पांढरा ठिपका चोरासारखा दिसतो,
म्हणून दुसरा, त्याला सोबत म्हणून तिसरा.
तीन वाजता
सगळ्या थांब्यावर बर्फ पडत होता.

समितीला कळवलं: हा बर्फ नाही, दुरुस्ती आहे.
उत्तर आलं: सुंदर बर्फ.

स्कॅनरनं निळं तेवढं गिळलं.
पिर्योची दुहेरी हनुवटी, चष्मा, फ्रिजची मूठ,
सुजलेल्या गुडघ्याभोवती फिरलेल्या माझ्या सगळ्या शंका.
पडद्यावर उरली सरळ नाकाची, तिशीतली कुणी.
दरवेळी असंच होतं,
आणि दरवेळी कुणाचं तरी काही उचलून आणल्यासारखं वाटतं.

फेब्रुवारी. आइस हॉकीचा हॉल,
बर्फावर फळ्या टाकलेल्या, तळपाय बधिर.
पुठ्ठ्याचं चिलखत घातलेला एक मुलगा,
त्याला बसता येत नाही,
सँडविच उभ्यानं खातोय.
मी सात मिनिटांत एक चित्र, बारा युरो.
तिसऱ्या ड्रॅगननंतर मनगट कुरकुरायला लागलं.

पिर्यो आली. चष्मा पुसून पोस्टरसमोर उभी राहिली.
चेहऱ्यावरून नजर घसरली, खाली आली, थांबली.
"हा माझा गुडघा!"
इतकं मोठ्यानं, की शेजारच्या टेबलावरच्या रायमोची
रेघ हलली.

टेबलाखालून मूळ कागद काढून दाखवला.
तिथं निळं सगळं अजून आहे.
बराच वेळ बघत होती.
"हनुवटी छापली नाहीस ते बरं केलंस," म्हणाली,
आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून
न विचारता गल्ला मांडीवर घेतला.
सुटे पैसे ती न बघता मोजते.

दुपारी रांग वाकडी झाली, पोरं टेबलावर रेलायला लागली.
पिर्योनं मान वर केली नाही, फक्त आवाज:
"दारात गर्दी नको. मागे जागा आहे. सरका."

सरकले सगळे.
चिलखतसुद्धा.