मिठावरचा नकाशा

शाळेचा फळा मधोमध तडकलेला,
आणि खंड म्हणे फार मोठं, त्यावर मावेना.
म्हणून चोकेवांका बाई आम्हाला घेऊन निघाल्या
उयुनीच्या मिठावर.
तिथं जिकडे बघावं तिकडे पांढरं,
डोळे मिटले तरी पांढरं.

बाईंनी लामाच्या लोकरीचा दोर सोडला,
वर रुंद, खाली निमुळता.
"गाजर!" एवेलिओ ओरडला.
"गाजर तर गाजर," बाई म्हणाल्या,
"पण आपण सगळे त्याच्या पोटात राहतो."

देश बारा, आम्ही नऊ.
मी काटकुळा, लांबच लांब,
मला चिली केलं.
पश्चिमेच्या कडेला कुशीवर झोपलो,
डोकं वाळवंटात, पाय बर्फात.
"हलू नकोस, हललास की भूकंप."
नाकाला खाज सुटली.
भूकंप झाला.
पेरू हसून हसून दोराबाहेर गेला.

ब्राझील व्हायला तिघं हात पसरून उभे,
तरी जागा उरलीच.
बोलिव्हियाला मात्र कुणी राहिलं नाही,
आपण स्वतः कोण, ते नेहमी शेवटी आठवतं.
बाईंनी डोक्यावरची टोपी काढून तिथं ठेवली.

माझ्या पाठीशी दगडांची रांग लागली: अँडीज.
बाईंनी कमरेचा विणलेला पट्टा सोडून
वरच्या अंगाला आडवा टाकला.
"हे विषुववृत्त. खरं तर जमिनीवर नसतं,
कुणी त्याला अडखळत नाही."
नेलिदा अडखळली.
"इथं घाम. खाली उतराल तसे दात वाजतील.
आणि भर दुपारी आपला सूर्य कुठे?"
"उत्तरेला!" सावल्या बघून आम्ही म्हणालो.

मग निळं सूत. दगडांतून निघालं,
समुद्र माझ्या नाकासमोर असताना
पाठ फिरवून पूर्वेला गेलं,
ब्राझीलच्या तिन्ही पोरांच्या पायांतून, पार टोकापर्यंत.
"अमेझॉनला जवळचा रस्ता चालत नाही," बाई म्हणाल्या.
सुताच्या दोन्ही काठांना थोलाच्या फांद्या रोवल्या.
याहून हिरवं आमच्याकडे काही नव्हतं.

तेवढ्यात सिप्रियानोचा लामा आला
आणि उभं जंगल खायला लागला.
धाकटी युमा रडू लागली.
बाईंनी त्याला लगेच हाकललं नाही.
"बघा," म्हणाल्या. एवढंच.
खाऊन झालं चार घासांत.
नव्या फांद्या आणायला पाऊण तास लागला,
तोवर मी चिलीच होतो, एक कान सुन्न.

नेलिदानं बोट मिठाला लावून चाटलं.
"बाई, इथं समुद्र होता?"
"तळं होतं. फार जुनं. आटलं."
"मग आपला समुद्र कुठला?"

बाईंनी टोपीकडे पाहिलं,
मग दोरापलीकडच्या रिकाम्या पांढऱ्याकडे.
"आपल्याला नाही," म्हणाल्या.

टोपी आणि समुद्र यांच्या मधे
मी आडवा पडलेला.
कुणी काही सांगितलं नव्हतं,
तरी मी पोट आत घेतलं,
जमेल तेवढं.