हँडओव्हर

मुलाणी सरांनी जाताना कागद एकही दिला नाही.
एक किल्ली, तिचा मळका दोरा,
आणि रूटची हिस्टरी:
नऊ हजार चारशे ओळी.
"पुसू नकोस," म्हणाले, "सावकाश वाच."

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागे आमची बँक.
सर्व्हर रूमच्या दाराला कितीही चिकटपट्टी लावा,
सागाचा भुसा आत येतोच.
लॉगिन केलं की सरांचं वाक्य येतं समोर:
"आलात? बरं. आधी हात खिशात घाला."

मी वाचत गेले,
कुणाची हिशेबाची वही वाचावी तशी.
प्रत्येक आरएमच्या आधी एक एलएस.
प्रत्येक.
नऊ वर्षांत एकदाही चुकलेलं नाही,
म्हणजे त्याआधी केव्हातरी
चांगलंच चुकलं असणार.

क्रॉनटॅब डॅश ई.
ई म्हणजे उघड, आर म्हणजे उडव,
आणि कीबोर्डवर दोघं सख्खे शेजारी.
म्हणून आदल्या ओळीत दरवेळी
जुन्या यादीची नक्कल, तारखेसकट.

एकदाच चीमॉड सात-सात-सात.
अकरा मिनिटांनी परत सहा-चार-शून्य.
त्या अकरा मिनिटांत कोण बरं उभं असेल त्यांच्या डोक्यावर?
बहुतेक मॅनेजर.

डीएफ डॅश एच: जागा आहे, भरपूर आहे.
लगेच डीएफ डॅश आय: नावंच संपली.
चार लाख चिमुकल्या फायली,
आतून बहुतेक रिकाम्या,
पण प्रत्येकीनं एकेक नाव अडवलेलं.

आणि एका फेब्रुवारीत, पहाटे तीन बावन्नला,
एलएसचं एसएल.
पुन्हा एसएल.
पुन्हा.
मग सहा वाजेपर्यंत एकही ओळ नाही.
मी ते पान उलटलं नाही बराच वेळ,
पान नव्हतंच, तरी.

मार्चअखेर. व्याज टाकण्याची रात्र.
दोन चाळीसला डिस्क शंभर टक्के.
सापडला एक लॉग, चाळीस जीबीचा, माजलेला.
एलएस केलं. मग आरएम.
डीएफ: शंभर.
परत डीएफ. शंभरच.
फाइल नाही, पण तिची जागा सुटेना.
बाहेर ट्रकमधून ओंडके उतरत होते,
धप्प, आणि मग कुणाची तरी शिवी.
सरांचा नंबर काढला. कोंढव्यात झोपले असतील.
ठेवला फोन.

कंट्रोल आर दाबलं, उलटा शोध,
आणि टाइप केलं: डिलीटेड.
ओळ पाच हजार बाराशी आली वर:
एलएसओएफ, पाइप, ग्रेप डिलीटेड.
एंटर.
तर काय, एक प्रोसेस
पुसलेल्या फायलीचा हात धरून बसलेली.
नाव गेलेलं तिला कुणी कळवलंच नव्हतं.
ती लिहीत होती, लिहीतच होती,
जी वही आता कुणालाच उघडता येणार नाही
तिच्यात.

माझं बोट डॅश नाइनकडे गेलं.
सरांनी पुढच्याच ओळीत नाइन नाही, हप लिहिलेलं.
मारायचं नाही. खांद्यावर थाप द्यायची:
बाई गं, वही बदल.

एकसष्ट टक्के.
मी खुर्चीत मागे रेलले, तेव्हा कळलं
की केव्हापासून श्वास धरलेला.

सकाळी सरांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.
"स्क्रीन उघडून केलंस ना? लाइट गेली असती तर?"
शाब्बास वगैरे काही नाही.
मग कुकरची शिट्टी, "थांब हं," आणि फोन कट.

जायच्या आधी हिस्टरी बघितली.
त्यांच्या ओळींखाली माझ्या,
वेगळा रंग नाही, सही नाही.
चार वाजून दहा मिनिटांनी:
एसएल.
पुसता आलं असतं.
टेबलावरचा भुसा तेवढा पुसला,
आणि किल्ली खिशात टाकली, दोऱ्यासकट.